नकाराला पुरावा लागतो

शेतमालाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात सोलापूर जिल्हा एकाच वेळी दोन्ही बाजूंना उभा आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरचा बागायतदार डाळिंब आणि द्राक्षे बाहेर पाठवतो, आणि परदेशातल्या प्रयोगशाळेचा आकडा काय येतो याकडे डोळे लावून बसतो. त्याच्याच गोठ्यात पंढरपुरी म्हैस किंवा संकरित गाय असते, आणि अमेरिकेचे दूध, चीज, लोणी इथे येऊ नये असे त्याला मनापासून वाटते. बागेत उभा राहून तो म्हणतो, आमचा माल अडवायचा तर शास्त्रीय कारण द्या. गोठ्यात उभा राहून म्हणतो, त्यांचा माल अडवाच, कारण कसले विचारता? दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण एकाच माणसाने त्या करायच्या तर दोन्हींच्या मध्ये कामाचा मोठा डोंगर आहे, आणि देश म्हणून आपण तो उपसलेला नाही. न उपसल्याची किंमत काय पडते, हे हार्मोन दिलेल्या गोमांसावरून अमेरिका आणि युरोप यांच्यात जे भांडण झाले त्यात लख्ख दिसते.

मांसासाठी पाळलेल्या जनावराला वाढीसाठी हार्मोन देणे अमेरिका आणि कॅनडात कायदेशीर आहे. जाड सुईच्या, पिस्तुलासारख्या अवजाराने कानाच्या मागच्या बाजूला, मधल्या भागात, कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये बारीक गोळ्या सोडतात. त्या काही महिने हळूहळू विरघळत राहतात. रोजची वजनवाढ साधारण १० ते २० टक्क्यांनी जास्त होते आणि तेवढ्याच वजनाला खाद्य कमी लागते. कानच का, तर कत्तलीच्या वेळी कान टाकून देतात; गोळीचा उरलेला अंश ताटात येत नाही. वाद सहा हार्मोन्सचा होता. इस्ट्राडायोल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन ही नैसर्गिक. ट्रेनबोलोन, झेरॅनॉल, मेलेंजेस्ट्रॉल ही कृत्रिम. मेलेंजेस्ट्रॉल कालवडींच्या खाद्यात मिसळतात, बाकीची कानातून जातात. आता यात चुकते कुठे? गोळी कूर्चेत घुसली तर नीट विरघळत नाही. सुई अस्वच्छ असली तर गळू होते. आणि कोणी घाईने ती कानाऐवजी मानेच्या मांसात टोचली किंवा दुप्पट दिली, तर कान टाकून देण्याला काही अर्थ उरत नाही. सगळा सुरक्षितपणा टोचणाऱ्या हातावर अवलंबून आहे.

१९८० मध्ये इटलीत वासराच्या मांसापासून केलेल्या बाळांच्या खाद्यात डीईएस या कृत्रिम इस्ट्रोजेनचे अंश सापडले आणि ग्राहक खवळले. १९८१ पासून युरोपने बंधने घालायला सुरुवात केली. १ जानेवारी १९८९ पासून हार्मोन दिलेल्या जनावरांच्या मांसाची आयात थांबली. अमेरिकेने लगेच युरोपच्या काही मालावर १०० टक्के शुल्क लावले. जुलै १९९५ मध्ये कोडेक्स या जागतिक अन्नमानक आयोगात या हार्मोन्सच्या मानकांवर मतदान झाले: बाजूने ३३, विरोधात २९, तटस्थ ७. ट्रेनबोलोन आणि झेरॅनॉल यांना मांसात किलोला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे एक टन मांसात २ मिलिग्रॅम, अशी मर्यादा मिळाली. ज्याला जग ‘शास्त्रीय मानक’ म्हणते ते चार मतांच्या फरकाने ठरले, हे विसरू नये. १९९६ मध्ये अमेरिका आणि कॅनडा जागतिक व्यापार संघटनेत गेले.

जानेवारी १९९८ मध्ये त्या संघटनेच्या अपील मंडळाचा निकाल आला. तो ‘युरोप हरला’ एवढ्या दोन शब्दांत सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. निकाल त्याहून बारीक आहे आणि आपल्या कामाचा आहे. मंडळाने म्हटले की कोणत्याही देशाला कोडेक्सपेक्षा कडक पातळी ठरवण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क अपवाद म्हणून भीक घातल्यासारखा दिलेला नाही. धोका मोजताना केवळ प्रयोगशाळेतली आदर्श परिस्थिती धरायची नाही; माणसे जिथे प्रत्यक्ष जगतात, काम करतात आणि मरतात तिथला धोका धरायचा. म्हणजे मानेत टोचलेली गोळीही हिशेबात घेता येते. एवढे सगळे युरोपच्या बाजूने मान्य झाले. मग अडले कुठे? युरोपने पुढे केलेले कागद त्या-त्या हार्मोनमुळे कर्करोग होऊ शकतो का, या सर्वसाधारण प्रश्नावर होते. वाढीसाठी हार्मोन दिलेल्या जनावराच्या मांसात उरलेल्या अंशामुळे खाणाऱ्याला किती धोका, हा नेमका प्रश्न त्यांत सोडवलेला नव्हता. चुकीच्या टोचणीचा मुद्दा मांडला, पण त्याचेही मोजमाप केलेले नव्हते. मेलेंजेस्ट्रॉलबद्दल तर जवळजवळ काहीच नव्हते. पुरावा अपुरा असताना तात्पुरता उपाय करण्याची मुभा देणारे कलम ५.७ संघटनेच्या अन्नसुरक्षाविषयक करारात आहे. युरोपने त्याचाही आधार घेतला नव्हता. युरोपची शंका खोटी होती असे मंडळ म्हणाले नाही. शंकेच्या मागे कागद नाही, एवढेच म्हणाले.

बंदी न उठवल्याबद्दल जुलै १९९९ मध्ये लवादाने अमेरिकेला वर्षाला ११ कोटी ६८ लाख डॉलर आणि कॅनडाला १ कोटी १३ लाख कॅनेडियन डॉलरइतक्या व्यापारावरच्या सवलती काढून घेण्याची परवानगी दिली. अमेरिकेने १०० टक्के शुल्कासाठी रॉकफोर चीज, मोहरीची चटणी, ट्रफल असल्या वस्तू निवडल्या. मेंढीच्या दुधाचे चीज करणाऱ्या फ्रेंच गवळ्याचा गोमांसाच्या हार्मोनशी काय संबंध? काहीही नाही. प्रत्युत्तराचे शुल्क असेच लावतात: जिथे दुखेल आणि जिथून सरकारवर ओरड होईल तिथे. सोलापूरकरांनी हे ध्यानात ठेवायला हवे. दुधाच्या वादात उद्या भारत कच्च्या कागदावर हरला, तर शुल्क दुधावर लागणार नाही, कारण आपण अमेरिकेला दूध फारसे विकत नाही. ते लागेल टेरी टॉवेलवर. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने वेगळ्याच कारणांनी भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हा घरगुती कापडाला त्यातून सूट मिळाली नव्हती. गोठ्यातल्या भांडणाचा दंड अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमाग कामगाराने भरावा, यात कोणताही न्याय नाही. म्हणून नकार कसा द्यायचा हा प्रश्न फक्त गवळ्याचा नाही.

युरोपने पुढे कागद तयार केला. १९९९ मध्ये त्यांच्या वैज्ञानिक समितीने इस्ट्राडायोल स्वतःच कर्करोगजनक असल्याचे मत दिले, ते २००० आणि २००२ मध्ये पुन्हा तपासले, आणि २००३ च्या निर्देशात इस्ट्राडायोलवर कायमची आणि उरलेल्या पाचांवर तात्पुरती बंदी घातली. या वेळी ५.७ चा आधार घेतला. २००८ मध्ये अपील मंडळाने आधीच्या पंचांचा युरोपविरोधी निष्कर्ष रद्द केला. कोडेक्ससाठी याच हार्मोन्सचे मूल्यमापन केलेल्या समितीतले दोन तज्ज्ञ पंचांचे सल्लागार होते, ही न्यायाच्या दृष्टीने चूक ठरली. २००९ मध्ये तडजोड झाली: बंदी राहिली, शुल्के निघाली, आणि हार्मोन न दिलेल्या उत्तम प्रतीच्या गोमांसाला २०,००० टनांचा शुल्कमुक्त कोटा मिळाला, तो नंतर ४५,००० टनांवर गेला. २०१९ च्या करारात त्यातले ३५,००० टन सात वर्षांत टप्प्याटप्प्याने अमेरिकेला द्यायचे ठरले. हे मांस पुरवण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने जन्मापासून हार्मोन न दिलेल्या जनावरांची वेगळी नोंदणी चालवली आहे. बंदी १९८९ ची, धड कागद १९९९ चा. मधल्या दहा वर्षांच्या उशिराची किंमत युरोपने दंडाच्या रूपाने भरली. माझ्या मते त्यांची बंदी योग्य होती आणि दहा वर्षांचा उशीर अक्षम्य होता.

याच खटल्यात एक बाजूचा मुद्दा होता, तो मला सर्वांत बोचतो. गोमांसातल्या हार्मोनला बंदी घालणारा युरोप त्याच काळात डुकराच्या पिलांच्या खाद्यात कार्बाडॉक्स आणि ओलाक्विंडॉक्स ही वाढवर्धक औषधे चालू देत होता. कार्बाडॉक्सबद्दल कर्करोगाची शंका होतीच. मंडळाने हा भेदभाव असमर्थनीय ठरवला. त्यामागे छुपा व्यापारी हेतू सिद्ध झाला नाही म्हणून युरोप त्या मुद्द्यावर वाचला. नंतर त्यांनी दोन्ही औषधे बंद केली. दारात एक नियम आणि घरात दुसरा, हे न्यायाधीशाला पहिल्यांदा दिसते.

भारत नेमका इथेच आपटला आहे. बर्ड फ्लूच्या कारणाने आपण २००७ पासून अमेरिकी कोंबडी, अंडी वगैरेंवर बंदी घातली. २०१२ मध्ये अमेरिका तक्रार घेऊन गेली, आणि जून २०१५ मध्ये आपण अपिलातही हरलो. कारणे वाचताना मान खाली जाते. सौम्य प्रकारचा विषाणू कुठे सापडला तरी आपण त्या अख्ख्या देशाचा माल बंद करत होतो. रोग एका राज्यात असेल तर दुसऱ्या राज्याचा माल घ्यायचा की नाही, याची सोयच नियमात नव्हती. धोक्याचे स्वतःचे मूल्यमापन केलेलेच नव्हते. आणि ज्या सौम्य विषाणूसाठी परक्यांना अडवत होतो, तो आपल्या देशात शोधण्यासारखी देखरेख यंत्रणा आपल्याकडे नव्हती. शोधायचेच नाही, मग सापडणार कसा? अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या प्रत्युत्तराची मागणी लावली. प्रकरण २०२३ मध्ये तडजोडीने मिटले, आणि त्यात आपण टर्की, बदक, ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांवरचे शुल्क कमी केले.

आता बागेकडे वळू. जनावराच्या कानात जसे हार्मोन, तसे द्राक्षाच्या वेलीवर संजीवक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटींची वाढ रोखून डोळ्यांत घड तयार व्हावेत म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत लिहोसीन, फवारले जात असे. ते वेलीच्या काड्यांत साठून राहते आणि पुढच्या हंगामाच्या घडात उतरते. २०१० मध्ये युरोपच्या बंदरांत भारतीय द्राक्षे याच अंशासाठी अडकली. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि निर्यातीपूर्वी तपासायच्या औषधांच्या आपल्या यादीत ते नावच नव्हते. नोंदणी केलेला प्लॉट, फवारणीची वही, प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः येऊन घेतलेला नमुना, सगळे शिस्तीत होते. फक्त जे शोधायचे ते शोधले नव्हते. नान्नजसारख्या, सोनाका वाण देशाला देणाऱ्या द्राक्षपट्ट्यात या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण ०.०५ म्हणजे विषाची सीमा नव्हे, हे मात्र सांगायला हवे. ज्या औषधाचा त्या पिकावर वापर युरोपात मंजूर नाही आणि ज्यासाठी कोणी माहिती सादर केलेली नाही, त्याला यंत्र जेवढे कमीत कमी विश्वासाने मोजू शकते तेवढी, किंवा सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम मर्यादा लागते. एक टन डाळिंबात १० मिलिग्रॅम. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर भागातून समुद्रमार्गे सिडनीला ५.७ टन डाळिंब गेले. तसल्या खेपेला युरोपचे हे माप लावले तर सगळ्या पेट्यांत मिळून ५७ मिलिग्रॅमची मुभा, डाळिंबाच्या एका दाण्याहूनही कमी वजनाची. ही मर्यादा रिकाम्या रकान्याची आहे, आणि रकाना भरता येतो. युरोपच्या २००५ च्या कायद्यातच बाहेरच्या देशांना आयात सहनमर्यादा, म्हणजे आयात मालातल्या अंशासाठी वेगळी मर्यादा, मागण्याची तरतूद आहे. त्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणी आणि हंगामांत शिफारशीच्या मात्रेने फवारणी करून, काढणीपर्यंत ठरावीक दिवसांनी अंश मोजून, विषशास्त्राच्या माहितीसह अर्ज करावा लागतो. युरोपात हे पीक स्पेनसारख्या मोजक्याच देशांत होते, म्हणून आपल्यासाठी ते काम तिथला कोणी करणार नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच, केगावला आहे. तेल्या या जिवाणूजन्य रोगावर आणि खोडकिडीवर चालणाऱ्या, डाळिंबासाठी लेबलवर शिफारस असलेल्या औषधांची यादी आधीच तोकडी. त्यातल्या प्रत्येकासाठी अशी माहिती तयार करण्याला निर्यात अनुदानाहून आधी पैसा द्यायला हवा. तोवर बागायतदाराच्या हातात असलेल्या गोष्टी दोनच: शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायच्या दिवसांचे पालन, आणि लेबलवर घटक न लिहिलेल्या ‘बायो’ बाटल्यांना दूर ठेवणे. अशा बाटल्यांत लपवून मिसळलेले कीटकनाशक निघते आणि वही स्वच्छ असूनही नमुना नापास होतो.

आणि दूध. २००३ पासून भारताची अट आहे की आयात होणारे दुग्धपदार्थ ज्या जनावरांचे, त्यांना रक्ताची पूड किंवा रवंथ करणाऱ्या जनावरांचे अवयव खाऊ घातलेले नसावेत. अमेरिकी दुग्धव्यवसायाचा याला कडवा विरोध आहे. त्यांची तक्रार हे ५ जून २०१९ ला आपली शुल्क सवलत काढून घेण्यामागचे एक कारण होते. या अटीमागे आपली खरी भावना श्रद्धेची आहे. मग ती आरोग्याच्या नावाखाली का लपवायची? २०१४ मध्ये सील या समुद्री प्राण्याच्या कातड्यांवरील युरोपच्या बंदीच्या खटल्यात सार्वजनिक नीतिमत्ता हे बंदीचे कारण असू शकते, हे अपील मंडळाने मान्य केले आहे. तिथेही युरोप अडखळला तो घरच्या सवलतींमुळे. आपण तो मार्ग उघडपणे धरावा, आणि त्याआधी आपल्या पेंडीचे काय ते पाहावे. मांस आणि हाडांची पूड गुरांच्या खाद्यात नसावी, खाद्य आयएस २०५२ मानकाचे असावे, हा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये काढला. अंमलाची मुदत मात्र पुढे ढकलली गेली. परदेशी गाईने काय खाल्ले याचे प्रमाणपत्र मागणाऱ्याकडे आपल्या गोणीचे प्रमाणपत्र असले पाहिजे.

हार्मोनचा मुद्दा आला तर आपल्याकडे आरोग्याचाही भक्कम आधार तयार होऊ शकतो, तो कोणी केलेला नाही. कोडेक्सला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीने अनेक दशके जे गृहीत ताट धरले त्यात ६० किलोच्या माणसाचे रोजचे ५०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम अंडी आणि दीड लिटर दूध होते. दूध किलो वजनाला २५ मिलिलिटर पडते. आपल्या घरातले १२ किलोचे पोर अर्धा लिटर दूध पिते तेव्हा ते ४२ मिलिलिटर होते. मांस न खाणाऱ्या घरांत प्रथिनांचा भार दुधावरच असतो. ही तुलना धोका सिद्ध करत नाही. पण समितीच्या ताटात आपले मूल बसत नाही, हे नक्की दाखवते. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी मुलांच्या आहाराची दोन-तीन वर्षे मोजणी केली तर बंदीचा पहिला कागद तयार होईल. कॅनडाचे उदाहरण घ्या. गोमांसात हार्मोन हवे म्हणून युरोपशी लढणाऱ्या त्याच देशाने जानेवारी १९९९ मध्ये दूध वाढवणारे बीएसटी हार्मोन नाकारले, कारण त्यांच्या तपासणीत गाईंचे लंगडणे आणि कासदाह वाढताना दिसला. मोजून दिलेला नकार टिकला.

आपल्या गोठ्यात मात्र पान्ह्याचे इंजेक्शन चालते. रेडकू मेले की म्हैस पान्हा चोरते, आणि ऑक्सिटोसिन टोचले की काही मिनिटांत दूध उतरते. ते प्रथिनांच्या जातीचे हार्मोन आहे, पोटात पचून जाते, आणि त्याने दूध विषारी होते ही भीती फुगवलेली आहे. नुकसान जनावराचे होते: सवय लागली की इंजेक्शनाशिवाय पान्हा सुटत नाही आणि माज-गाभणपणाचे चक्र बिघडते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ खाली दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारे असे टोचणे गुन्हा आहे. २०१८ मध्ये केंद्राने खासगी उत्पादनच बंद करू पाहिले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारे हे औषध आहे, आणि गैरवापराची नीट मोजणी न करता ते आवळणे योग्य नव्हते. पुन्हा तेच: हेतू चांगला, कागद कच्चा.

कोणी म्हणेल, बलाढ्य देश नियम पाळत नाहीत, अपील मंडळ तर २०१९ च्या डिसेंबरपासून पुरेशा न्यायाधीशांविना ठप्प आहे, मग हा खटाटोप कशाला? अपील नसले तरी गिऱ्हाईक आहे. युरोपने २०२४ च्या तपासणीत ब्राझीलला विचारले की मादी जनावरांना इस्ट्राडायोल दिले नाही याची हमी काय. ब्राझीलला ती देता आली नाही आणि मादी जनावरांच्या मांसाची निर्यात त्यांना स्वतःहून थांबवावी लागली. कोणताही खटला नव्हता, फक्त नोंद नव्हती.

नोंदीची सोय आपल्याकडे जनावराच्या कानातच आहे. अमेरिकेत गोळी जाते त्याच कानात आपल्या गाई-म्हशींना बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. त्या आकड्यावर लस आणि रेतनाची नोंद होते. त्याच पानावर औषधाचे नाव, मात्रा, कारण, टोचणाऱ्याचे नाव आणि किती दिवस दूध संकलनाला घालायचे नाही, एवढे पाच रकाने वाढवायला हवेत, आणि ते भरणाऱ्या गोठ्याला संकलन केंद्राने लिटरमागे जास्त दर द्यायला हवा. कासदाहाच्या अँटिबायोटिकपासून सुरुवात करता येईल. ती पट्टीवर काही मिनिटांत तपासता येतात.